ज्यूरी निवडीतील वंशभेदविरोधी कायदे (अमेरिका)

खटल्यासाठी ज्यूरी (दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिकांचे मंडळ) निवडताना वंश वा वर्ण पाहून कुणाला वगळू नये, यासाठी अमेरिकेत झालेले कायदे व न्यायनिर्णय. मुळाशी आहे १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आणि तिने दिलेली समान संरक्षणाची हमी. १८७५ च्या नागरी हक्क कायद्याने वर्णावरून ज्यूरीतून वगळणे गुन्हा ठरवले. वेस्ट व्हर्जिनियात फक्त गोऱ्या पुरुषांनाच ज्यूरीत बसता येई. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८८० मध्ये ‘स्ट्रॉडर’ खटल्यात घटनाबाह्य ठरवला.

कागदावरची बंदी गेली, तरी ज्यूरी बहुधा गोऱ्यांचीच राहिली. दक्षिणेकडच्या अनेक परगण्यांत कृष्णवर्णीयांची नावे ज्यूरीच्या यादीतच येत नसत. १९३५ च्या ‘नॉरिस’ निकालाने यावर बोट ठेवले. याद्या सुधारल्यावरही एक चोरवाट उरली. दोन्ही पक्षांच्या वकिलांना ठरावीक संख्येपर्यंत ज्यूरीचे उमेदवार कारण न सांगता वगळता येतात. या हत्याराला १९६५ च्या ‘स्वेन’ निकालाने जवळजवळ अभय दिले.

केंटकीत बॅटसन या कृष्णवर्णीय आरोपीच्या खटल्यात सरकारी वकिलाने चारही कृष्णवर्णीय उमेदवार वगळले. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरवले, की वंशावरून वगळल्याचा संशय दिसला तर वकिलाने वंशाशी संबंध नसलेले कारण द्यावे आणि ते खरे की बनावट हे न्यायाधीशाने ठरवावे. पुढे हा नियम दिवाणी खटल्यांना, बचाव पक्षाला आणि १९९४ मध्ये लिंगभेदालाही लागू झाला.

पण कारण काय, शोधले की सापडते. १९९५ च्या ‘पर्केट’ निकालात लांब केस आणि दाढीमिशा हेही कारण चालून गेले. जॉर्जियातील फॉस्टर खटल्यात तर सरकार पक्षाच्या टिपणांत कृष्णवर्णीय उमेदवारांची नावे हिरव्या रंगाने ठळक करून शेजारी ‘बी’ (‘ब्लॅक’चे आद्याक्षर) हे अक्षर लिहिलेले निघाले. ती टिपणे हाती आली म्हणूनच २०१६ मध्ये आरोपी फॉस्टरची शिक्षा रद्द झाली. मिसिसिपीत फ्लॉवर्स या आरोपीवर एकाच प्रकरणात सहा वेळा खटला चालला. वगळता येण्याजोग्या ४२ कृष्णवर्णीयांपैकी ४१ जणांना सरकारी वकिलाने वगळले होते. २०१९ मध्ये ही शिक्षाही रद्द झाली.

ज्यूरीच्या रंगावर निकाल फिरतो, हे मराठी वाचकाला नवे नाही. १८९७ च्या राजद्रोह खटल्यात टिळकांना सहा युरोपीय विरुद्ध तीन हिंदी, अशा मतांनी दोषी ठरवले गेले.

बॅटसनच्या नियमातली भेदभावाचा हेतू सिद्ध करण्याची अट फार जड आहे, हे ओळखून वॉशिंग्टन राज्याने २०१८ मध्ये नियम ३७ आणला. त्यात हेतू सिद्ध करावा लागत नाही. वस्तुनिष्ठ निरीक्षकाला वंश हा वगळण्यामागचा घटक वाटू शकत असेल, तर वकिलाला तो उमेदवार वगळता येत नाही. ॲरिझोनाने मात्र १ जानेवारी २०२२ पासून कारणाविना वगळण्याची सोयच काढून टाकली. बॅटसन निकालातल्या आपल्या स्वतंत्र मतात न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी हेच सुचवले होते.