एलएस ३/५ए : प्रसारणाच्या गाडीतून घरात आलेला लाउडस्पीकर

घरी संगीत ऐकणाऱ्यांनी ज्या जुन्या स्टुडिओ मॉनिटरांवर, म्हणजे ध्वनी पारखण्यासाठीच्या लाउडस्पीकरांवर, जीव लावला, त्यांत बीबीसीच्या एलएस ३/५ए या छोट्या लाउडस्पीकरचा मान मोठा आहे. त्याचा जन्म मात्र घरासाठी झालेला नाही. १९७० च्या सुमारास सरे परगण्यातील किंग्जवुड वॉरन येथे बीबीसीचा संशोधन विभाग संगीत स्टुडिओच्या एक अष्टमांश आकाराच्या प्रतिकृतीत ध्वनीचे प्रयोग करीत होता. त्यासाठी उभारलेल्या लहान स्पीकरच्या अनुभवातून एलएस ३/५ घडला. बाह्यप्रसारणाच्या गाडीत मोठा मॉनिटर मावत नसे आणि हेडफोन लावून काम करणे गैरसोयीचे होई. ही अडचण त्याने सोडवली.

अधिक नग हवे झाले, तेव्हा केईएफ या ब्रिटिश कंपनीच्या स्पीकर युनिटांचे, म्हणजे पेटीत बसवलेल्या व प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या भागांचे, गुणधर्म बदलल्याचे लक्षात आले आणि रचना नव्याने करावी लागली. त्यातून एलएस ३/५ए सिद्ध झाला. बीबीसीच्या हारवुड, व्हॅटन आणि मिल्स यांनी १९७६ च्या अहवालात त्याची मांडणी केली. सुमारे ५ लिटरची बंद पेटी, बर्चचे पातळ प्लायवूड आणि त्याचे कंपन शमवणारे आतील अस्तर, खालच्या व मधल्या स्वरांसाठी बेक्स्ट्रिन प्लास्टिकच्या शंकूचे बी११० युनिट, वरच्या स्वरांसाठी जाड फेल्टने वेढलेला टी२७ ट्वीटर आणि या दोहोंत स्वर वाटून त्यांना जुळवून घेणारे बरेच गुंतागुंतीचे विद्युतमंडल, म्हणजे क्रॉसओव्हर, अशी ती रचना होती. निवेदकाचा आवाज खरा वाटतो की नाही, हीच मुख्य कसोटी होती, आणि माझ्या मते घरातील त्याच्या यशाचे मूळ येथेच आहे. कारण गायनातील शब्द आणि श्वास तो विलक्षण स्पष्टपणे उभे करतो. खोल खर्ज आणि मोठा आवाज मात्र त्याच्याकडून मागू नये, कारण पेटी लहान आहे आणि त्याची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर निघणाऱ्या आवाजाची पातळी, जेमतेम ८३ डेसिबेल आहे.

बीबीसीने उत्पादनाचे परवाने बाहेरच्या कंपन्यांना दिल्यामुळे तो बाजारात आला. रॉजर्स, चार्टवेल, ऑडिओमास्टर, स्पेंडॉर, हार्बेथ अशी नावे वेगवेगळी असली, तरी नमुन्याशी जुळण्याची अट सर्वांना सारखीच होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस युनिटांत पुन्हा फरक पडल्याने क्रॉसओव्हर बदलला आणि मूळच्या १५ ओहम विद्युतरोधाऐवजी ११ ओहमची आवृत्ती निघाली. म्हणून आज जुनी जोडी घेताना पेटीवरील नावापेक्षा दोन्ही नग एकाच आवृत्तीचे आणि लागोपाठच्या क्रमांकांचे आहेत का, हे आधी पाहावे.