स्टेट स्ट्रीटचा कोपरा : मार्शल फील्डच्या दुकानाची पूर्वपीठिका

शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवरचं आजचं मेसीज, म्हणजे पूर्वीचं मार्शल फील्डचं भव्य दुकान, बाहेरून एकसंध दिसतं. प्रत्यक्षात ती १८९२ ते १९१४ या काळात टप्प्याटप्प्याने बांधून एकमेकींना जोडलेल्या इमारतींची रांग आहे. चार रस्त्यांमधली अख्खी जागा व्यापायला दोन दशकं लागली.

त्याआधी मुळात रस्ता बदलावा लागला. १८६०च्या दशकात शिकागोची मोठी दुकानं नदीजवळच्या लेक स्ट्रीटवर होती. तिथला बडा कापडव्यापारी पॉटर पामर याने १८६५मध्ये मार्शल फील्ड आणि लिव्हाय लायटर यांना भागीदार करून घेतलं, दोन वर्षांत स्वतः अंग काढून घेतलं आणि पैसा जमिनीत घातला. स्टेट स्ट्रीट तेव्हा अरुंद आणि कळकट होता. पामरने त्यावरच्या सुमारे पाऊण मैलाच्या जागा घेतल्या, रस्ता रुंद करवून घेतला आणि वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर संगमरवरी दर्शनी भागाची इमारत बांधून १८६८मध्ये ती फील्ड-लायटरना वर्षाला ५० हजार डॉलर भाड्याने दिली. बाजार त्यांच्यामागे इकडे सरकला. पुढे नाव फील्डचं झालं, पण डाव पामरचा होता.

१८७१च्या महाआगीत ही इमारत गेली. बराच माल वेळेवर बाहेर काढल्यामुळे काही आठवड्यांतच ट्रामच्या घोड्यांच्या तबेल्यात विक्री पुन्हा सुरू झाली! पामरने कोपऱ्याची जागा शिवणयंत्रवाल्या सिंगर कंपनीला विकली. तिने बांधलेली नवी इमारतही १८७७मध्ये जळाली. तिसरी १८७९ला उभी राहिली, ती मात्र फील्डने सात लाख डॉलरला विकतच घेतली. १८८१मध्ये लायटर बाहेर पडला आणि पाटीवर ‘मार्शल फील्ड अँड कंपनी’ आलं. लंडनमध्ये १९०९ साली स्वतःचं दुकान थाटणारा हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज याच दुकानात धंदा शिकला, हेही जाता जाता सांगायला हवं.

आजची वास्तू वास्तुविशारद डॅनियल बर्नहॅमच्या कार्यालयाची. वॉबॅश अव्हेन्यूकडचा भाग चार्ल्स अ‍ॅटवूडच्या आराखड्याचा, १८९३च्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमाराचा. स्टेट स्ट्रीटची बाजू १९०२ आणि १९०७ला पूर्ण झाली, त्यासाठी १८७९ची इमारत पाडली. १९०६च्या जानेवारीत फील्ड वारला, त्यामुळे आपल्या दुकानाचं पूर्ण रूप त्याने पाहिलंच नाही. लुई टिफनीच्या काचकामाचं प्रसिद्ध छतही १९०७चं. रंगीत काचेच्या सुमारे १६ लाख तुकड्यांनी ते मढवलं आहे. कोपऱ्यांवरच्या दोन ब्राँझच्या घड्याळांपैकी पहिलं १८९७चं. त्याखाली भेटायची वेळ ठरवणं शिकागोकरांच्या अंगवळणीच पडलं.

मालकी मात्र १९८२नंतर हातोहात फिरली. एका ब्रिटिश तंबाखू कंपनीच्या अमेरिकी शाखेकडून डेटन हडसनकडे, मग मे कंपनीकडे, शेवटी मेसीजची मालक असलेल्या फेडरेटेडकडे. ९ सप्टेंबर २००६ रोजी दुकानाचं नाव मेसीज झालं आणि लोक घड्याळाखाली निषेधाला जमले. नावाशी लोकांचा जीव जडला होता, हे नव्या मालकांनी ओळखलं नाही असंच म्हणावं लागेल. वास्तूला १९७८मध्ये राष्ट्रीय आणि २००५मध्ये शहराच्या वारशाचा दर्जा मिळाला होता. कोपऱ्यांवरच्या जुन्या नावाच्या ब्राँझच्या पाट्या अजून जागेवर आहेत. २०१८मध्ये मेसीजने वरचे मजले कार्यालयांसाठी विकले. खालच्या मजल्यांवर दुकान चालू राहिलं.