अपुऱ्या मनुष्यबळाच्या केंद्रांवरील अग्निशमन कर्मचाऱ्यांना आयकरात काय मिळते? (आर्थिक वर्ष 2025-26)

नागपूर महानगरपालिका, जिल्ह्यातील नगरपरिषदा आणि गडचिरोली व मेळघाटाकडील लहान केंद्रे येथे काम करणारे अनेक फायरमन, चालक-यंत्रचालक व केंद्र अधिकारी आपली विवरणपत्रे आमच्या कार्यालयातून भरतात. जिथे मंजूर पदांपैकी बरीच पदे रिक्त आहेत अशा ठिकाणी नेमणूक असल्यास आयकरात वेगळी सूट मिळते का, हा प्रश्न त्यांच्याकडून वारंवार येतो. अग्निशमन कर्मचारी म्हणून किंवा रिक्त पदांच्या ठिकाणी काम करतो म्हणून मिळणारी कोणतीही स्वतंत्र सवलत आयकर अधिनियम, 1961 मध्ये नाही. महाराष्ट्रातील व्यवसाय करातूनही अग्निशमन सेवेला माफी नाही. तरीही वेतनपत्रकातील काही रकमांना कायद्याने वेगळी वागणूक दिलेली आहे आणि ती पदनामावर नव्हे, तर रकमेच्या स्वरूपावर व आदेशातील शब्दांवर अवलंबून असते. हे पत्रक त्याविषयी आहे.

अग्निशामकांना आयकरात खास सवलत मिळते असे सांगणाऱ्या, मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांतील माहिती सर्वस्वी खोटी नसते, परंतु ती परदेशातील असते. कॅनडात वर्षाला किमान 200 तास सेवा देणाऱ्या स्वयंसेवक अग्निशामकांना 2024 पासून 6,000 डॉलरच्या रकमेवर सर्वांत खालच्या दराने करसवलत मिळते. पूर्वी ही रक्कम 3,000 डॉलर होती. अमेरिकेत राज्याने किंवा स्थानिक संस्थेने स्वयंसेवकाला दिलेला मोबदला सेवेच्या प्रत्येक महिन्यामागे 50 डॉलरपर्यंत संघीय करातून वगळला जातो. या तरतुदी प्रामुख्याने लहान गावांतील स्वयंसेवकांना टिकवून धरण्यासाठी आहेत. आपल्याकडील पगारी सेवेला त्यांचा आधार घेता येत नाही.

आधी करप्रणाली पाहावी

भत्त्यांचा हिशेब मांडण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी, कारण पुष्कळ ग्राहकांच्या बाबतीत प्रश्न तिथेच संपतो. नव्या करप्रणालीत 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट आणि 12 लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कलम 87ए खालील सूट मिळत असल्यामुळे, ज्यांचे एकूण वेतन 12,75,000 रुपयांच्या आत आहे आणि दुसरे उत्पन्न नाही, त्यांना आयकर लागत नाही. अशा कर्मचाऱ्याने एखाद्या भत्त्यावर महिन्याला दोनशे-तीनशे रुपयांची माफी मिळावी म्हणून जुन्या प्रणालीत राहणे आमच्या मते हिताचे नाही. जुनी प्रणाली निवडायचीच असेल, तर विवरणपत्र मुदतीत, म्हणजे 31 जुलै 2026 पर्यंत, भरावे लागेल. मुदत उलटून भरलेल्या विवरणपत्रात तो पर्याय उरत नाही.

भत्ते आणि आदेशातील शब्द

अपुऱ्या मनुष्यबळाच्या केंद्रावरील अधिकाऱ्याचे वेतनपत्रक उघडले की मूळ वेतन, महागाई भत्ता व घरभाडे भत्ता यांच्याखाली जोखीम भत्ता, धुलाई भत्ता, अतिकालिक (ओव्हरटाइम) भत्ता आणि कधी अतिरिक्त कार्यभाराची रक्कम अशा ओळी दिसतात. यांपैकी जोखीम भत्ता, अतिकालिक भत्ता व अतिरिक्त कार्यभाराची रक्कम दोन्ही प्रणालींत पूर्ण करपात्र आहे. कामठीच्या अधिकाऱ्याकडे उमरेडचाही कार्यभार दिला, तर त्यासाठी मिळणारी रक्कम हे वेतनच धरले जाते. मात्र त्या कार्यभारापायी उमरेडला जाण्या-येण्यासाठी कार्यालयाने दिलेला प्रवासभत्ता, तसेच नेहमीच्या मुख्यालयाबाहेर दौऱ्यावर असताना मिळालेला दैनिक भत्ता, प्रत्यक्ष खर्चाइतका करमुक्त असतो आणि ही माफी नव्या प्रणालीतही टिकते. बदलीच्या वेळी सामान बांधून हलवण्याचा खर्चही याच तरतुदीत येतो. म्हणून आपल्याला दुसऱ्या केंद्रावर पाठवणारा आदेश ‘दौरा’ म्हणतो, ‘तात्पुरती नेमणूक’ म्हणतो की ‘बदली’, हे नीट वाचावे. बदली झाल्यावर नवे केंद्र हेच आपले नेहमीचे कामाचे ठिकाण होते आणि त्यानंतर मिळणाऱ्या दैनंदिन रकमेला दौऱ्याचा भत्ता म्हणता येत नाही.

गणवेश व धुलाई भत्ता जुन्या प्रणालीत प्रत्यक्ष खर्चापुरताच करमुक्त आहे. लाँड्रीची पावती, शिलाईचे बिल यांपैकी काहीतरी हाताशी असावे. नव्या प्रणालीत ही माफी मिळत नाही. कार्यालयाने कामासाठी दिलेले हेल्मेट, गमबूट किंवा श्वसनसंच यांचे मूल्य आपल्या उत्पन्नात धरले जात नाही.

आता दुर्गम भागाविषयी. आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रातील प्रोत्साहन भत्ता किंवा एकस्तर (एक टप्पा वरच्या) वेतनश्रेणीचा लाभ ज्यांच्या वेतनपत्रकात असेल, त्यांना हे करमुक्त उत्पन्न आहे असे अनेकदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. आयकर नियम 2बीबी मध्ये आदिवासी क्षेत्र भत्त्याला महिन्याला 200 रुपयांची माफी आहे, पण ती नियमात नावे दिलेल्या राज्यांपुरती आहे. त्या यादीत मध्य प्रदेश आहे, कर्नाटक आहे, ओडिशा आहे, महाराष्ट्र मात्र नाही. त्यामुळे भामरागड किंवा एटापल्ली येथील कर्मचाऱ्याला ती लागू होत नाही, ही विसंगती आम्हालाही खटकते. याउलट समुद्रसपाटीपासून 1,000 मीटर किंवा त्याहून उंचावरील ठिकाणच्या डोंगरी भत्त्याला जुन्या प्रणालीत महिन्याला 300 रुपयांपर्यंत माफी आहे आणि विदर्भात चिखलदरा त्या उंचीवर आहे. तिथल्या कर्मचाऱ्याला असा भत्ता प्रत्यक्षात मिळत असेल तरच हा मुद्दा उद्भवतो. नुसत्या उंचीवर राहिल्याने वजावट मिळत नाही.

थकबाकी: येथे खरा पैसा अडकतो

वेतन आयोगाची किंवा रखडलेल्या वेतननिश्चितीची थकबाकी एकाच वर्षात हाती पडली की शून्य करावरील कर्मचारी अचानक करदाता होतो. उदाहरणार्थ, एखाद्याचे वार्षिक वेतन 11,40,000 रुपये आहे. नव्या प्रणालीत त्याचा कर शून्य. त्याला याच वर्षी 3,00,000 रुपये थकबाकी मिळाली, तर वजावटीनंतरचे उत्पन्न 13,65,000 रुपये होते, सूट निघून जाते आणि उपकरासह 88,140 रुपये कर बसतो. कलम 89 खाली यात दिलासा मागता येतो. ही थकबाकी ज्या ज्या वर्षांची आहे, त्या त्या वर्षी मिळाली असती तर तेव्हा जितका कर वाढला असता, त्यापेक्षा आज बसणारा जादा कर वजा होतो. हा दिलासा दोन्ही प्रणालींत मिळतो, पण त्यासाठी फॉर्म 10ई आयकर पोर्टलवर विवरणपत्राच्या आधी भरलेला असावा लागतो. फॉर्म न भरता दिलासा मागणाऱ्यांना पुढे मागणीची नोटीस येते. फॉर्म 16 मध्ये थकबाकीची एकत्रित रक्कमच दिसत असेल, तर तिच्यावरून हिशेब करता येत नाही. आस्थापना शाखेकडून वर्षवार तक्ता मागून घ्यावा लागतो.

साठलेल्या रजा आणि निवृत्ती

माणसे कमी असली की रजा मंजूर होत नाहीत आणि वर्षानुवर्षे साठत जातात. अपुऱ्या मनुष्यबळाचा करावर थेट परिणाम होतो तो येथे. सेवेत असताना रजांचे रोखीकरण केल्यास ती रक्कम पूर्ण करपात्र असते. निवृत्तीच्या वेळी राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला ती पूर्ण करमुक्त मिळते. महानगरपालिका किंवा नगरपरिषदेच्या कर्मचाऱ्याला मात्र कमाल 25 लाख रुपयांची मर्यादा आहे आणि तीतही सरासरी वेतनाचे दहा महिने व रजेचे दिवस यांचा हिशेब लागतो. उपदानाच्या (ग्रॅच्युइटीच्या) बाबतीत मात्र स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारी शासकीय कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने पूर्ण माफीस पात्र आहेत.

दुखापत, मृत्यू आणि शौर्यपदक

कर्तव्यावर असताना दुखापत झाल्यास किंवा मृत्यू ओढवल्यास शासन अथवा स्थानिक संस्थेने दिलेली एकरकमी सानुग्रह मदत, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 8 जून 1999 च्या परिपत्रकानुसार, आयकराला पात्र नाही. कुटुंबीयांनी ती उत्पन्नात धरून कर भरू नये. अग्निशमन सेवेचे शौर्यपदक मिळालेल्यांच्या निवृत्तिवेतनाला कलम 10(18) खाली माफी आहे. पण कलमात ‘केंद्र किंवा राज्य शासनाच्या सेवेतील व्यक्ती’ असे शब्द आहेत, म्हणून महापालिका सेवेतील पदकप्राप्तांनी ही माफी गृहीत धरण्याआधी आपली कागदपत्रे आम्हाला दाखवावीत.

परताव्याचे आमिष

परताव्यातील टक्केवारी घेऊन मोठा रिफंड काढून देणारे मध्यस्थ केंद्रांच्या आवारापर्यंत पोहोचतात. देणग्या, घरभाडे किंवा कर्जाचे व्याज खोटे दाखवून मिळवलेला परतावा पुढे व्याजासह परत करावा लागतो आणि उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याबद्दल चुकवलेल्या कराच्या 200 टक्के दंड होऊ शकतो. त्याची जबाबदारी विवरणपत्र ज्याच्या नावाचे आहे त्याचीच असते. अशा प्रकारे आधीची विवरणपत्रे भरली गेली असतील, तर संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून 48 महिन्यांपर्यंत सुधारित कर भरून अद्ययावत विवरणपत्र दाखल करता येते. जितका उशीर होईल तितका अतिरिक्त कर वाढतो.

कंत्राटी कर्मचाऱ्यांनी आपली रक्कम फॉर्म 26एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावे कापलेल्या कराच्या वार्षिक विवरणात, कोणत्या कलमाखाली दिसते ते पाहावे. एजन्सीने ती वेतन म्हणून न दाखवता व्यावसायिक शुल्क म्हणून दाखवली असेल, तर प्रमाणित वजावट मिळत नाही आणि विवरणपत्राचा नमुनाही बदलतो.

वर दिलेली कलमे 31 मार्च 2026 रोजी संपणाऱ्या वर्षापुरती आहेत. 1 एप्रिल 2026 पासून आयकर अधिनियम, 2025 लागू होत असल्यामुळे पुढील वर्षाच्या वेतनासाठी कलमांचे क्रमांक बदलतील. कार्यालयात येताना फॉर्म 16, बाराही महिन्यांची वेतनपत्रके, दौऱ्याचे किंवा बदलीचे आदेश आणि थकबाकी मिळाली असल्यास तिचा वर्षवार तक्ता सोबत आणावा. हा तक्ता मिळायला वेळ लागतो, म्हणून त्यासाठीचा अर्ज मे महिन्यातच द्यावा.