‘जेजे’च्या नामावळीआधी

२०२५च्या पद्मश्रींमध्ये सुलेखनकार अच्युत पालव होते, चित्रकार वासुदेव कामतही होते. दोघेही ‘जेजे’चे, म्हणजे मुंबईच्या सर जे. जे. या कलाशिक्षण संस्थेचे. त्याच वर्षी सप्टेंबरात वासुदेव गायतोंडे यांचं १९७० सालचं एक चित्र लिलावात ६७ कोटींवर गेलं. तेही जेजेचेच, १९४८चे पदविकाधारक. अशी नावं आली की माजी विद्यार्थ्यांची छाती फुगते, आणि ती फुगावीच. पण ही शाळा काढली तेव्हा असले चित्रकार कुणाच्या डोक्यातच नव्हते. हवे होते ते कारागीर.

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले आणि मार्च १८५७मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत रेखांकनाचे वर्ग भरू लागले. विलायती मालाच्या लाटेत इथल्या हस्तव्यवसायांनी तग धरावा, म्हणून कारागिरांचा हात तयार करायचा, हा त्यामागचा विचार. १८६५मध्ये लॉकवुड किपलिंग शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची उठावशिल्पं त्यांच्या कल्पनेतली. पुढे व्हिक्टोरिया टर्मिनस उभं राहत होतं, तेव्हा दगडातली पानं, मोर, माकडं घडवायला जेजेचीच मुलं होती. लोकल पकडायच्या घाईत मान वर केली तर आजही दिसतात. कुठला मोर कुणाच्या हातचा, हे मात्र विचारू नये.

ही चौकट पहिल्यांदा मोडली, माझ्या मते, १८९६ साली. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेतच ‘मंदिरपथगामिनी’ घडवली: पूजेला निघालेली तरुणी, अंगाला लगटून खाली उतरणाऱ्या लुगड्याच्या चुण्या. समोर प्लास्टर आहे हे विसरायला होतं. इथे शिल्पाबरोबर शिल्पकाराचंही नाव गाजलं.

वास्तुकलेची सुरुवातही अशीच खालच्या पायरीवरून. आधी नुसता ड्राफ्ट्समनचा वर्ग, म्हणजे वास्तुविशारदाला नकाशे काढून देणारे मदतनीस. चार वर्षांचा अभ्यासक्रम आला १९१३मध्ये. त्यातून बाहेर पडलेल्यांनी १९१७मध्ये संघटना बांधली आणि तिचीच पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. पुण्याचे बाळकृष्ण दोशी १९४७मध्ये इथे दाखल झाले. वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय, पण त्याला २०१८ उजाडावं लागलं.

जाहिरात आणि अक्षरांचं काम तर ‘कमर्शियल’ म्हणून जरा नाक मुरडूनच बघितलं जाई. त्या शाखेतले र. कृ. जोशी. विंडोजवर मराठी पत्र टाइप करताना समोर येणारा ‘मंगल’ फॉन्ट त्यांचा. रोज तो वापरणाऱ्या किती कारकुनांना हे नाव ठाऊक असेल?

१९५८मध्ये कला, वास्तुकला आणि उपयोजित कला यांची दारं वेगळी झाली. २०२३मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा ६५ वर्षांनी ती पुन्हा एका पाटीखाली आली.