रॉबर्ट हार्ली: कागदांवर चाललेलं राजकारण

८ मार्च १७११. राणी ॲन गादीवर आल्याला त्या दिवशी ९ वर्षं पुरी झाली होती. लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये मंत्र्यांच्या समितीपुढे गिस्कार नावाच्या एका परागंदा फ्रेंच माणसाची हेरगिरीच्या आरोपावरून चौकशी चालू होती. एकाएकी तो अर्थमंत्री रॉबर्ट हार्लींवर झेपावला आणि त्यांच्या छातीत चाकू खुपसला. चाकू म्हणजे पिसाच्या लेखणीला टोक काढायचं छोटं पातं, आपल्या जुन्या दफ्तरांत ज्याला कलमतराश म्हणत ते. हार्लींच्या अंगात जरीकाम केलेलं जाड वेस्टकोट होतं. पातं बरगडीवर आपटून मोडलं. गिस्कारने मोडक्या तुकड्यानेच दुसरा वार केला. इतर मंत्र्यांनी तलवारी उपसल्या. त्या जखमांनी गिस्कार पुढे तुरुंगात मेला.

हार्ली वाचले आणि एका दिवसात लोकांचे लाडके झाले. त्याआधी खुद्द त्यांच्या टोरी पक्षाचे, म्हणजे राजा आणि इंग्लंडच्या चर्चची बाजू घेणाऱ्या पक्षाचे, खासदारच त्यांच्या मवाळपणावर चिडलेले होते. मे महिन्यात राणीने त्यांना अर्ल ऑफ ऑक्सफर्ड ही सरदारकी दिली आणि लगोलग लॉर्ड ट्रेझररही केलं, म्हणजे व्यवहारात पंतप्रधानच.

हार्लींचा जन्म १६६१चा, घराणं हेरफर्डशरमधलं, कट्टर प्युरिटन, म्हणजे चर्चमधला थाटमाट नको म्हणणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाचं. आजी ब्रिलियाना हिने १६४३ साली यादवी युद्धात राजाच्या सैन्याचा वेढा पडला असताना घरची गढी लढवली होती. अशा घरातला हा मुलगा पुढे टोरींचा पुढारी झाला, यावरून माणसाचा अंदाज यावा. पक्ष बदलल्याचा आरोप त्यांच्यावर झाला, पण राजाच्या खर्चावर संसदेचा वचक हवा हे त्यांचं सुरुवातीचं मत होतं आणि तेव्हा टोरींनाही तेच हवं होतं. १७०१ ते १७०५ ते कॉमन्स सभागृहाचे सभापती होते. सभागृहाचे कायदेकानू त्यांना तोंडपाठ. बोलणं मात्र इतकं गुळमुळीत की ऐकणाऱ्याला होकार मिळाला की नकार, हेच कळू नये.

त्यांचा खरा भरवसा छापील शब्दावर होता. लेखक डॅनियल डिफो १७०३ साली एका उपरोधिक पत्रकापायी खोड्यात उभा राहिला होता, न्यूगेट तुरुंगात खितपत होता. हार्लींनी त्याला सोडवलं आणि कामाला लावलं. डिफोचं 'रिव्ह्यू' हे नियतकालिक १७०४ पासून निघू लागलं, सरकारी पैशावर. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या विलीनीकरणाची बोलणी चालू असताना, १७०६ मध्ये, डिफोला एडिंबरोला धाडण्यात आलं. तिथून तो हार्लींना गुपचूप खबरा पाठवत होता. पुढे जोनाथन स्विफ्टही त्यांच्या बाजूने लिहू लागला. सरकारने लेखक पोसायचे ही कल्पना नवी नव्हती, पण हार्लींइतकी पद्धतशीर ती आधी कुणी राबवली नव्हती.

गंमत अशी की १७०८ साली त्यांची नाचक्की झाली तीही कागदांमुळेच. ते परराष्ट्र व्यवहार बघणारे मंत्री असताना त्यांच्या कचेरीतला ग्रेग नावाचा कारकून गुप्त पत्रांच्या नकला फ्रान्सला पाठवताना सापडला. कागद असे उघड्यावर पडू देणारा मंत्री कसला, अशी बोंब उठली. ग्रेग फासावर गेला, पण धन्याचं नाव त्याने घेतलं नाही. सेनापती मार्लबरो आणि तेव्हाचा लॉर्ड ट्रेझरर गॉडॉल्फिन यांनी हार्लींबरोबर काम करायला नकार दिल्यावर त्यांना राजीनामा द्यावा लागला. १७१० मध्ये ते परत आले ते राणीच्या मर्जीने. तिची विश्वासातली दासी ॲबिगेल मॅशॅम ही त्यांची नातलग, हे इथे उपयोगी पडलं.

परत आल्यावर समोर होतं फ्रान्सविरुद्धच्या युद्धाने चढलेलं कर्ज. बँक ऑफ इंग्लंड विरोधी व्हिग पक्षाच्या हातात. हार्लींनी १७११ साली साउथ सी कंपनी काढली. सरकारचं ९० लाख पौंडांहून जास्त कर्ज तिच्या नावावर वळवलं. सावकारांच्या हातात रोख्यांऐवजी कंपनीचे शेअर दिले आणि ६ टक्के व्याज सरकारने भरायचं ठरलं. धंदा म्हणून दक्षिण अमेरिकेच्या व्यापाराचं गाजर होतं. १७१३च्या उट्रेख्टच्या तहात स्पॅनिश वसाहतींना वर्षाला ४८०० आफ्रिकी गुलाम पुरवायचा मक्ता मिळाला, तोच या कंपनीकडे आला. त्या तहाला इंग्लंडात टाळ्या पडल्या. माणसं विकायच्या कलमाबद्दल कुणाला वावगं वाटल्याचं दिसत नाही. कंपनीच्या शेअरांचा फुगा फुटला १७२० मध्ये, तोवर हार्ली सत्तेबाहेर होते.

तहासाठी उमरावसभेत मतं कमी पडत होती, म्हणून त्यांनी राणीकडून एका झटक्यात १२ नवे उमराव करून घेतले. पण नंतर दारू वाढली, कामं तुंबली, जुना साथी बॉलिंगब्रोक उलटला. वेळेवर येत नाहीत, प्यायलेले असतात, बोलणं समजत नाही, अशी राणीची तक्रार होती. २७ जुलै १७१४ रोजी तिने त्यांना काढलं आणि १ ऑगस्टला ती गेली. नव्या राजाच्या व्हिग सरकारने महाभियोग आणला. बॉलिंगब्रोक फ्रान्सला पळाला. हार्ली पळाले नाहीत. दोन वर्षं टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात बसले आणि १७१७ मध्ये सुटले. १७२४ साली वारले.

या सगळ्या धबडग्यात ते जुनी हस्तलिखितं विकत घेत होते. हम्फ्री वॉनली या ग्रंथपालाने ती लावली, मुलगा एडवर्डने संग्रह वाढवला. एडवर्डची विधवा आणि मुलगी यांनी १७५३ साली ७ हजारांवर हस्तलिखितं १० हजार पौंडांना संसदेला विकली. बाजारभावाच्या मानाने ती फुंकून टाकल्यासारखीच किंमत. ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं ते ज्या संग्रहांवर, त्यांतला हा एक. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत त्यातली एखादी पोथी मागवायची तर आजही आधी 'हार्ली' लिहायचं, मग क्रमांक.