रेस दिली की गाडी वाजते, पण आवाज कोणाच्या तालावर?

सपाट रस्त्यावर गाडी गुमान चालत असते, आणि खंबाटकी घाट चढायला लागलं, आत पाच माणसं, डिकीत बॅगा, एसी चालू, त्यात चौथ्या गिअरमधेच पाय दाबला की बॉनेटखालून कोरडा, बारीक, धातूचा कटकटाट सुरू होतो. पाय काढला की बंद. मग गॅरेजला कोणी म्हणतं टॅपेट, कोणी म्हणतं माउंटिंग, एकेक पार्ट बदलत पैसे जातात आणि आवाज तिथल्या तिथेच. म्हणून पार्टला हात लावायच्या आधी एवढं शोधा की आवाज कोणाच्या तालावर वाजतोय, इंजिनाच्या, चाकाच्या, की लोडच्या, म्हणजे इंजिनावर पडणाऱ्या ओझ्याच्या.

थोडं गणित आहे पण सोपं आहे. इंजिन ३००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, चार सिलिंडर असतील तर दर फेरीला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला १०० ठोके, ते सुटे ऐकूच येत नाहीत, सलग घरघर वाटते. चाकाचा घेर साधारण १.९ मीटर धरला तर ताशी ६० किमीला तेच चाक सेकंदाला जेमतेम ९ वेळा फिरतं, आणि ताशी २० ला तर फक्त तीनदा. म्हणजे हळू चालवताना मोजता येईल अशी टकटक असेल तर बहुतेक चाक-एक्सलकडे बघायचं.

आता टेस्ट. गाडी उभी, हँडब्रेक लावलेला, न्यूट्रलमधे रेस द्या, आवाज आला तर इंजिन, बेल्ट किंवा सायलेन्सर. नाही आला तर मोकळ्या सरळ रस्त्यावर एकच स्पीड ठेवून एकदा चौथ्यात आणि एकदा तिसऱ्यात चालवा. स्पीड तोच, आरपीएम वेगळा, त्यामुळे सूर बदलला तर इंजिनाकडचा आणि जसाच्या तसा राहिला तर चाकाकडचा. आणि उभ्या गाडीत काहीच नाही, उतारावर काहीच नाही, फक्त चढावर पाय दाबला की वाजतो, तर तो लोडचा, आणि पेट्रोल गाडीत असा कटकटाट म्हणजे बहुतेक वेळा नॉकिंग.

हे नॉकिंग नीट समजून घेण्यासारखं आहे. स्पार्क प्लगने ठिणगी टाकली की ज्वाला सिलिंडरभर पसरत जाते, पण तिच्यापुढे जे मिश्रण अजून जळायचं बाकी असतं ते दाबलं जाऊन तापत जातं (सायकलचा पंप मारताना नळी गरम होते तसं), आणि ज्वाला पोचायच्या आधीच आपोआप एकदम पेटलं की दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात, बऱ्याच इंजिनांत सेकंदाला ६ ते ७ हजार कंपनं, तोच तो कटकटाट. कमी आरपीएमला मोठ्या गिअरमधे गाडी ओढली की दाब जास्त आणि मिश्रणाला तापायला वेळही जास्त, म्हणून घाटातच जास्त ऐकू येतं. तिसरा गिअर टाकला की निम्म्या वेळा तिथेच थांबतं!

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची हेच आपोआप पेटणं टाळायची ताकद, आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरून ठरवलेली. १९२१ च्या डिसेंबरमधे अमेरिकेत इंजिनिअर थॉमस मिजली यांच्या टीमला सापडलं की पेट्रोलमधे थोडंसं टेट्राएथिल लेड (शिशाचं रसायन) घातलं की नॉकिंग थांबतं, आणि त्या सोयीपायी जगभरच्या रस्त्यांवर शिसं पसरलं, लहान मुलांच्या मेंदूपर्यंत गेलं. भारतात असं पेट्रोल २००० साली बंद झालं, जगात शेवटी अल्जेरियात २०२१ ला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, एका आवाजाची केवढी किंमत मोजली गेली. आज इथेनॉल तेच काम बिनविषारी करतं, त्याचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे.

आजच्या इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो, तो ही कंपनं पकडतो आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठिणगी थोडी उशिरा टाकतो. तरी कटकट ऐकू येत असेल तर मॅन्युअलमधे लिहिलेला ऑक्टेनच भरताय ना ते बघा, मग चुकीचे प्लग, आत साचलेला कार्बन, कूलंट कमी असणं, आणि सेन्सरची वायर. नॉकिंग नसताना महागडं पेट्रोल भरून साध्या इंजिनाला जादा पिकअप मिळत नाही.

बाकीचे आवाज पटकन. वळताना रेस दिली की टक-टक-टक म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा), चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसेल कारण बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण, फाटलेला असतो, जॉइंट वाजायच्या आधी बूट बदलला तर स्वस्तात सुटता. थंड इंजिनाला फटफट आणि गरम झाल्यावर कमी, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट, कारण तापून धातू फुगतो आणि फट मिटते. ठरावीक आरपीएमलाच पत्रा थरथरतो तो हीट शील्ड, एका क्लॅम्पचं काम. स्पीडबरोबर वाढणारा हूंऽऽ, जो स्टिअरिंग डावी-उजवीकडे वळवल्यावर कमीजास्त होतो, तो बेरिंगचा. आरपीएम चढतोय पण गाडी पुढे जात नाही आणि जळका वास येतोय तर क्लच प्लेट.

फक्त एका आवाजाला टेस्ट नको. इंजिनाच्या पोटातून जड ठक-ठक, रेस दिली की जास्त जोरात, त्यात ऑइलचा लाल दिवा, तर ते कनेक्टिंग रॉडचं बेरिंग असू शकतं. गाडी लगेच कडेला घ्या, इंजिन बंद करा, आणि "जवळच तर गॅरेज आहे" म्हणून पुन्हा स्टार्ट न करता टोइंगवाल्याला बोलवा.