मिनिएचर वॉरगेमिंगमधल्या रशियन उखळी तोफा (१९०४ ते १९१७)

रशिया-जपान युद्ध (१९०४-०५) आणि पहिलं महायुद्ध या दोन युद्धांत रशियन सैन्याने ज्या उखळी तोफा वापरल्या त्यांची छोटी मॉडेल्स बनवणं, रंगवणं आणि टेबलावरच्या गेममध्ये त्यांना खऱ्यासारखं वागायला लावणं, हा या नोंदीचा विषय. ऐकायला अगदी कोपऱ्यातला वाटतो, पण ज्याला आपण आज मॉर्टर म्हणतो त्याचा जन्मच यातल्या एका वेढ्यात झाला, त्यामुळे हा काळ खेळणाऱ्याला तो विषय टाळता येत नाही. आणि चुका सगळ्यात जास्त इथेच होतात, कारण बहुतेक जण "रशियन मॉर्टर" म्हटलं की दुसऱ्या महायुद्धातली ८२ मिमीची सोव्हिएत नळी उचलतात, तीच ती खाली गोल प्लेट, पुढे दोन पाय, वरून बॉम्ब सोडायचा आणि कान झाकायचे. १९०४ मध्ये असं काही अस्तित्वातच नव्हतं. वरून बॉम्ब सोडायची ती साधी नळी इंग्लंडमध्ये विल्फ्रेड स्टोक्सने १९१५ मध्ये आणली आणि सोव्हिएत ८२ मिमी त्याच घराण्यातली, ३० च्या दशकातली.

आधी शब्द नीट समजून घ्यायला हवेत, कारण मराठीत आपण सगळ्याला उखळी तोफ म्हणून मोकळे होतो पण रशियन भाषेत त्या काळी तीन वेगळे शब्द होते आणि तिन्हींची मॉडेल्स वेगळी होतात. मोर्तिरा म्हणजे जुन्या पद्धतीची खरीखुरी तोफ, आखूड नळीची, जड, तोफखान्याच्या ताब्यातली. बोम्बोम्योत म्हणजे खंदकातलं छोटं हत्यार ज्यात बॉम्ब पूर्ण नळीच्या आत बसतो आणि त्याला पंख नसतात. आणि मिनोम्योत म्हणजे ज्याचा बॉम्ब नळीपेक्षा मोठा असतो, फक्त त्याचा दांडा नळीत जातो आणि डोकं तोंडाबाहेर राहतं. आज रशियन लोक सगळ्याच मॉर्टरना मिनोम्योत म्हणतात, पण तेव्हा हा फरक पाळला जायचा. मिनोम्योत शब्दातला "मिना" आला नौदलाच्या पाणसुरुंगावरून, आणि तो का आला हे कळायला पोर्ट आर्थरला जावं लागतं.

पोर्ट आर्थर म्हणजे आजचं चीनमधलं ल्युशुन, दालियन शहराचा भाग. १९०४ च्या उन्हाळ्यापासून जनरल नोगींच्या जपानी सैन्याने ते वेढलं होतं आणि जमिनीवरच्या बचावाची सूत्रं जनरल रोमान कोन्द्रातेन्को यांच्याकडे होती. जपानी खंदक खणत खणत किल्ल्यांच्या इतक्या जवळ आले की नेहमीच्या तोफांचा उपयोगच संपला, सरळ मारा करणारी तोफ खंदकाच्या आतल्या माणसाला काय करणार? मग तोफखान्याचे कॅप्टन लिओनिद गोब्यातो आणि नौदलाचे मिचमान (कनिष्ठ अधिकारी) सेर्गेई व्लास्येव यांनी जे हाताशी होतं त्यातून जुगाड केलं. जहाजावरच्या ४७ मिमी तोफेची नळी घेतली, हलक्या चाकांच्या गाड्यावर चढवली, ४५ ते ६५ अंशांपर्यंत वर उचलली, आणि तिच्यात लांब दांड्याचा बॉम्ब बसवला, डोक्यात पायरॉक्सिलिन हे स्फोटक भरलेला. पल्ला ५० ते ४०० मीटर. जहाजांवरची सुरुंग फेकायची नळकांडीही किल्ल्यांवर आणून वापरली गेली, त्यांचा पल्ला मात्र फार कमी. समोर जपान्यांनीही लाकडाच्या मॉर्टर बनवल्या होत्या, बाहेरून बांबू गुंडाळून आवळलेल्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी घरगुती हत्यारं.

आता हे मॉडेल करायचं कसं. २८ मिमीचे पुतळे साधारण १/५६ धरतात (कंपनीकंपनीप्रमाणे थोडं मागेपुढे होतं), तर ४७ ला ५६ ने भागा, नळीचं भोक येतं ०.८४ मिमी. केमिस्टकडे मिळणारी १८ गेजची इंजेक्शनची सुई, गुलाबी बुडाची, तिचं आतलं भोक बरोबर ०.८४ मिमी असतं आणि बाहेरची जाडी १.२७. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी अर्धा तास नुसता ती सुई उन्हात धरून बघत बसलो होतो. टोक आधी कानशीने घासून बोथट करायचं, मग हवी तेवढी लांबी कापायची, पक्कडीने कापाल तर भोक चेपून बंद होतं, म्हणून सुई फिरवत फिरवत कानशीनेच खाच पाडायची आणि मग हलकेच मोडायची. बॉम्बचा दांडा म्हणजे ०.६ मिमीची तार किंवा बारीक टाचणी, ती या भोकात आरामात जाते, आणि वर डोकं म्हणून पुट्टीचा छोटा शंकू, मागे कागदाचे पंख. डोकं आणि पंख दोन्ही नळीच्या बाहेरच राहिले पाहिजेत, ते आत घुसलेले दिसले की मॉडेल चुकलंच. १५ मिमीच्या पुतळ्यांना, म्हणजे जवळपास १/१०० ला, हेच भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी होतं, तिथे पोकळ नळी शोधत बसू नये, भरीव तार लावावी आणि टोकावर काळा ठिपका द्यावा, टेबलावरून कोणाला फरक कळत नाही.

पुतळ्यांच्या पोझमध्ये एक गोष्ट आहे जी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त विसरली जाते. ही नळी मुळात मागून भरायच्या तोफेची, म्हणजे उडवायची दारू मागून ब्रीचमधून (नळीच्या मागच्या उघडणाऱ्या तोंडातून) जायची आणि बॉम्बचा दांडा पुढून तोंडातून. म्हणजे गडी दोन्हीकडे लागतात, एक पुढे बॉम्ब धरून आणि एक मागे काडतूस घेऊन. पुढचा माणूस शत्रूच्या दिशेला उभा, तेही शंभर-दीडशे मीटरवर जपानी बसलेले असताना, म्हणून तो वाकलेला, गुडघ्यावर, मातीच्या पोत्यांआड असाच हवा. बाजारातले तोफखान्याचे पुतळे बहुतेक ताठ उभे असतात, त्यांच्याऐवजी गुडघ्यावर बसलेले पायदळाचे पुतळे घेऊन हात बदलले तर जास्त पटतं.

कपड्यांबद्दल थोडं. वेढा सुरू झाला तेव्हा रशियन शिपाई पांढऱ्या उन्हाळी सदऱ्यात होते, दुरून नेम धरायला सोपे, म्हणून ते सदरे मिळेल त्या रंगात बुडवून मळकट खाकी-हिरवट केले गेले. त्यामुळे एकाच तुकडीत चार छटा रंगवल्या तरी चालतं, उलट सगळे सारखे दिसले तर खोटं वाटतं. नोव्हेंबर-डिसेंबरचा प्रसंग असेल तर करडे-तपकिरी ओव्हरकोट आणि केसाळ पापाखा टोप्या. आणि दोन-तीन खलाशी नक्की घाला, गडद गणवेश, बिनछज्जाची टोपी आणि आत पट्ट्यापट्ट्यांचा बनियन, कारण जहाजं बंदरात अडकल्यावर नौदलाची माणसं आणि सामान दोन्ही किल्ल्यांवर आलं होतं. ते दिसले की या हत्याराची गोष्ट न सांगता कळते.

मोर्तिरा प्रकारात टेबलावर आणण्यासारखी मुख्य एकच, १८८५ ची ६ इंची फील्ड मॉर्टर. १८७७ मध्ये आजच्या बल्गेरियातल्या प्लेव्हनाला तुर्कांच्या मातीच्या तटबंदीपुढे रशियन फील्ड तोफांचं काही चाललं नाही, त्या धड्यातून ही आली. एंगेलहार्ट या रचनाकाराच्या गाड्यावर बसवलेली, आखूड आणि बुटकी, झटका झेलायला रबराचे बफर, घोड्यांनी ओढायची. मंचुरियात, म्हणजे रशिया-जपान युद्धात, ती लढली, नंतर हॉवित्झर आल्या तशी मागे पडली आणि पहिल्या महायुद्धात गरज पडल्यावर पुन्हा बाहेर काढली गेली. २८ मिमीत तिचं भोक २.७ मिमी येतं, बॉलपेनच्या रिफिलची नळी चालून जाते. किनाऱ्यावरच्या ९ आणि ११ इंची मोर्तिरा मात्र मॉडेल करायच्या भानगडीत पडू नये, त्या टेबलाबाहेरच राहतात, फक्त त्यांचा गोळा टेबलावर पडतो.

पहिल्या महायुद्धात चित्र एकदम बदलतं कारण आता खंदक शेकडो किलोमीटरचे आणि मॉर्टर कमी. (जर्मनांनी पोर्ट आर्थरचा अभ्यास करून आपले मिनेनवेर्फर (खंदकातल्या मॉर्टर) आधीच तयार ठेवले होते, रशियनांनी स्वतःचाच शोध कोपऱ्यात टाकला होता, हे वाचून आजही वाईट वाटतं. गोब्यातो स्वतः १९१५ मध्ये आजच्या पोलंडमधल्या प्रझेमिश्लजवळ मारले गेले, तेव्हा ते जनरल होते.) १९१५ पासून घाईघाईने बरंच काही आलं: कॅप्टन लिखोनिन यांचा इझोरा कारखान्यातला ४७ मिमी मिनोम्योत, फ्रेंच नमुन्यावरचा ५८ मिमी एफआर, ९ सेंटीमीटरचा जीआर बोम्बोम्योत, नॉर्वेच्या आसेनचा ८९ मिमी बोम्बोम्योत. गेमर म्हणून एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे की पहिल्या दोघांचा बॉम्ब बाहेर दिसतो आणि शेवटच्या दोघांचा दिसत नाही. एफआर करायला सगळ्यात देखणा, जाडजूड पंखवाला बॉम्ब आखूड नळीच्या तोंडावर बसलेला, अगदी लहान मुलाच्या हातात मोठा भोपळा दिल्यासारखा. फ्रेंच ५८ मिमीचं मॉडेल कुठे मिळालं तर तेच घ्या आणि रशियन पुतळे लावा, काही बिघडत नाही. इथले कपडे खाकी सदरा, छज्जाची टोपी किंवा पापाखा. एड्रियन हेल्मेट (फ्रेंच बनावटीचं लोखंडी) १९१६ च्या आधी घालू नका, आणि घातलंत तर पुढचं दोन डोक्यांचं गरुडचिन्ह विसरू नका.

नियमांत उतरवताना बहुतेक रूलसेटमध्ये "लाइट मॉर्टर" म्हणून एक ओळ असते आणि सगळी मॉर्टर तिथेच कोंबतात, त्यात पोर्ट आर्थरच्या हत्याराची सगळी मजा जाते. १ इंच म्हणजे १० मीटर धरलं तर पल्ला ५ ते ४० इंच, आणि तो खालचा ५ चा आकडा खरंच पाळायचा, शत्रू त्याच्या आत आला की मॉर्टर गप्प. दर टर्नला फायर देऊ नका, एक टर्न भरायला आणि एक उडवायला, कारण दोन टोकांनी भरायचं म्हणजे वेळ लागणारच. बॉम्ब हाताने बनवलेले, म्हणून साठा मोजून द्या, मी बेसच्या (मॉडेल ज्यावर चिकटवतो त्या चकतीच्या) बाजूला सहा बॉम्ब सुटे ठेवतो आणि प्रत्येक फायरला एक उचलतो, खेळणाऱ्याला डोळ्यांसमोर साठा संपताना दिसतो आणि तो जपून वापरायला लागतो. नेम चुकण्याचं प्रमाण मोठं ठेवा, पण खंदकात पडला तर तटबंदीचा फायदा शत्रूला देऊ नका, त्यासाठीच तर हे बनवलं होतं. पाहणारा माणूस मात्र लागतोच, उंचावर, दुर्बीण घेऊन, आणि तो पडला की पुढचे सगळे बॉम्ब अंदाजाने. आसेन किंवा जीआरला उलट जरा लवकर फायर द्या आणि स्फोटाचा घेर लहान ठेवा. एफआरला घेर मोठा आणि वेग कमी.

बेस मोठा घ्या, २८ मिमीला ६० मिमीचा तरी, कारण पोर्ट आर्थरच्या मॉर्टरला चाकं, दोन्ही बाजूंचे गडी आणि पोती बसवायला जागा लागते. जमीन खडकाळ, तांबूस-तपकिरी, गवत अगदी थोडं. डिसेंबरचा खेळ असेल तर चाकांच्या मागे आणि पोत्यांच्या सांध्यांत पातळ पांढरा रंग फिरवा, माती मात्र मधून दिसू द्या.